साखर उतरली, पेढा दिला, पाणी पाजलं. तरी चढत का नाही?

प्रश्न : आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो. माझे सासरे ७१ वर्षांचे आहेत, मधुमेह जुना आहे. सकाळी सहाला बिनसाखरेचा चहा आणि मधुमेहाची गोळी घेऊन ते उपवनला फिरायला जातात, कधीकधी येऊरचा चढही चढतात. नाश्ता साडेआठ-नऊला, घरी आल्यावर. अलीकडे तीन-चार वेळा परतताना त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरले आणि उगाच चिडचिड झाली. एकदा मशीनवर ५८ आलं. आम्ही आधी पेढा दिला, मग साखरपाणी, मग ओआरएस. पाऊण तासाने ६६, आणि दुपारी २८०! शेजारच्या काकू म्हणतात पाण्याने साखर उतरते, म्हणून बाबांनी सकाळचं पाणीच कमी केलंय. गोळी ग्लिमेपिराइड २, मेटफॉर्मिन ५०० आणि व्होग्लिबोज ०.२ अशी एकत्र आहे. शिवाय बीपीची गोळी आहे, तिच्यात लघवी वाढवणारं औषध आहे. तीन महिन्यांची साखर (एचबीए१सी) ६.२, म्हणजे कंट्रोल चांगलाच आहे. मग आहारात काय बदलू? संकष्टी सोडायला ते तयार नाहीत. आणि जाता जाता : मी ३८ वर्षांची, मधुमेह नाही, पण ऐरोलीच्या ऑफिसात साडेअकराच्या सुमारास मलाही थरथरल्यासारखं होतं. माझीही शुगर लो होते का?

— एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : गोळीत काय काय आहे ते तुम्ही पूर्ण लिहिलंत, हे फार बरं झालं. बहुतेक पत्रांत ‘शुगरची गोळी’ एवढंच असतं आणि मग अंदाजाने बोलावं लागतं. तुमच्या बाबतीत अर्धं उत्तर त्या तीन नावांतच आहे.

आधी थोडं कडू बोलतो. हा प्रश्न आहाराचा कमी आणि गोळीच्या वेळेचा व मात्रेचा जास्त आहे. ७१ वर्षांच्या माणसाची साखर वरचेवर ७० च्या खाली जात असेल, तर ६.२ हा आकडा शाबासकीचा नाही. तीन महिन्यांची साखर ही सरासरी असते. त्या सरासरीत ५८ आणि २८० दोन्ही गुण्यागोविंदाने बसतात. या वयात, साखर उतरवणारी गोळी चालू असताना, डॉक्टर बहुधा सात ते साडेसातच्या आसपास समाधान मानतात. हृदय, किडनी किंवा स्मरणशक्तीची तक्रार असेल तर आठपर्यंतही चालवून घेतात. कारण साखर उतरून माणूस रस्त्यात पडला आणि खुब्याचं हाड मोडलं, तर सहा-सव्वासहाचा काय उपयोग? म्हणून याच आठवड्यात डॉक्टरांना फोन करा. तोवर काय करायचं आणि काय टाळायचं, ते पुढे सांगतो. गोळी मात्र आपल्या मनाने बंद किंवा अर्धी करू नका.

आता सकाळीच का होतं ते पाहू. तीन औषधांपैकी साखर खरोखर खाली खेचणारं एकच, ग्लिमेपिराइड. ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं, पोटात अन्न असो वा नसो. मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज एकेकटे असताना साखर धोक्याच्या खाली क्वचितच नेतात. ग्लिमेपिराइडचा जोर गोळी घेतल्यावर साधारण दोन-तीन तासांनी सगळ्यात जास्त असतो. सहाला गोळी, म्हणजे तो जोर आठ ते नऊच्या दरम्यान. नेमक्या त्याच वेळी बाबा तास-दीड तास चालून, येऊरचा चढ उतरून येत असतात. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर वेगाने ओढून घेतात, आणि पोटात असतो तो बिनसाखरेचा चहा. त्या चहातून दुधाची मिळून दोन-तीन ग्रॅम साखर आत जाते. घरी पोचेपर्यंत ७० च्या खाली गेली नाही तरच नवल. ही गोळी दिवसाच्या पहिल्या खऱ्या जेवणाबरोबर घ्यायची असते. चहा म्हणजे जेवण नव्हे. तेव्हा डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा, की गोळी सहाऐवजी नाश्त्याच्या ताटावर बसताना घेतली तर चालेल का. दुसरा प्रश्न ग्लिमेपिराइड २ ऐवजी १ करण्याचा, किंवा त्याजागी साखर न पाडणारी दुसरी गोळी देण्याचा. निर्णय त्यांचा.

उत्तर मिळेपर्यंत गोळीऐवजी फिरणं सरकवा. आधी नाश्ता, मग अर्ध्या-पाऊण तासाने फिरायला. सकाळची सवय मोडवत नसेल तर निदान येऊरचा चढ काही दिवस बंद ठेवून उपवनच्या तळ्याभोवती सपाटीवर चालू दे, तेही पुढे सांगितलेलं खाऊन आणि सोबत कोणीतरी असताना.

पेढा आणि साखरपाणी का फसलं, हे नीट समजून घ्या. व्होग्लिबोज असलेल्या प्रत्येक घराला हे माहीत हवं, आणि औषध घेताना सांगितलेलं असलं तरी सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही. आपली नेहमीची साखर म्हणजे सुक्रोज. ती थेट रक्तात जात नाही. आतड्यातल्या एका विकराने (एन्झाइमने) तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे केले, की मगच ती शोषली जाते. व्होग्लिबोजचं कामच मुळी त्या विकराला अडवण्याचं. जेवणानंतर साखर एकदम उसळू नये म्हणून ते दिलेलं असतं. पण साखर उतरलेली असताना तेच आडवं येतं : तुम्ही दिलेलं साखरपाणी पोटात पडून राहतं आणि रखडत रखडत शोषलं जातं. पेढ्यात वर खव्याचं तूप. स्निग्ध पदार्थ जठर रिकामं व्हायला वेळ लावतात, म्हणून पेढा, लाडू, बर्फी, चॉकलेट यांतलं काहीच तातडीच्या वेळी कामाचं नाही. गोळीत व्होग्लिबोज नसेल तरीही नाही. गंमत अशी, की ‘ग्लुकोज बिस्किट’ही त्याच रांगेत बसतं. नाव काहीही असो, त्यात मुख्यतः पीठ, साखर आणि तेल असतं.

त्यामुळे तुमच्या घरात साध्या ग्लुकोज पावडरचा डबा हवाच. ग्लुकोज तोडावं लागत नाही, म्हणून व्होग्लिबोज त्याला अडवू शकत नाही. मेडिकलमधून घेताना संत्रं-लिंबाच्या चवीचं पाकीट घेऊ नका, त्यात बऱ्याचदा नेहमीची साखर मिसळलेली असते. घटकांच्या यादीत ‘डेक्स्ट्रोज’ किंवा ‘ग्लुकोज’ एवढंच असलेलं पाकीट घ्या. मात्रा १५ ग्रॅम. घरातले चमचे लहानमोठे असतात, म्हणून एकदा वजनकाट्यावर १५ ग्रॅम मोजून तुमच्या नेहमीच्या चमच्याचे किती होतात ते बघून ठेवा. छोट्या चहाच्या चमच्याने सपाट भरून साधारण चार ते पाच होतील. अर्धा कप पाण्यात विरघळवून द्या, तांब्याभर पाण्यात नको. घाबरलेल्या, मळमळणाऱ्या माणसाला पाऊण लिटर गोड पाणी संपवणं जमत नाही आणि निम्मं ग्लुकोज भांड्यातच राहतं.

ग्लुकोज हाताशी नसेल तर एक मोठा चमचा मध. मधात थोडं सुटं ग्लुकोज असतंच. तेही नसेल तर ३०० मिली दूध, कारण दुधातली साखर या गोळीने फारशी अडत नाही; पण दूध सावकाश काम करतं. आणि समजा रस्त्यात यांतलं काहीच मिळालं नाही, तर मिळेल ते गोड पेय द्या. उशिरा चढेल, पण काहीच न देण्यापेक्षा बरं. फक्त ‘झिरो’ किंवा ‘डाएट’ लिहिलेलं कोला नको, त्यात साखरच नसते. घाईत फ्रिजमधून नेमकी तीच बाटली हाती लागते.

आता क्रम सांगतो. लक्षणं दिसली की बाबांना जागीच बसवा. घर जवळ आलंय म्हणून चालवत आणू नका, त्या दहा मिनिटांत साखर आणखी उतरते. हात पुसून किंवा धुऊन मशीनवर तपासा. बोटाला पेढ्याचा किंवा फळाचा चिकटपणा राहिला तर आकडा खोटा जास्त येतो. मशीन जवळ नसेल तर तपासण्यात वेळ घालवू नका, लो आहे असं समजून द्या. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज, ५४ च्या खाली असेल तर २० ग्रॅम. मग घड्याळ लावून १५ मिनिटं थांबा. हे थांबणंच घरच्यांना जड जातं. तीन मिनिटांत बरं वाटलं नाही की पेढा, मग केळं, मग सरबत. पाऊण तासाने ते सगळं एकदम रक्तात उतरतं. तुमच्याकडे दुपारी २८० आलं ते याच कारणाने : अडकून पडलेली साखर, पेढा, वर नाश्ता, आणि साखर उतरल्यावर शरीर स्वतःहून सोडतं त्या हार्मोन्समुळे यकृताने ओतलेली साखर. १५ ग्रॅम ग्लुकोजने आकडा साधारण ३५-४० ने चढतो, म्हणजे ५८ वरून नव्वदीत. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून ७० च्या खाली असेल तर तेवढंच पुन्हा द्या. दोनदा देऊनही चढली नाही, तर तिसऱ्यांदा देता देता दवाखान्याकडे निघा.

आणि तो २८० दिसला म्हणून गोळी आगाऊ किंवा जादा देऊ नका. पुढची लो तिथूनच सुरू होते.

७० च्या वर आली की नेहमीचा नाश्ता लगेच द्या. जेवणाला तासाभराहून जास्त वेळ असेल तर एक पोळी आणि वाटीभर वरण, किंवा एक ब्रेडची चकती आणि अंडं. ग्लुकोज जितक्या लवकर चढतं तितक्या लवकर वापरलंही जातं, मागे टिकाऊ काहीतरी हवं. ग्लिमेपिराइडच्या बाबतीत इथेच काम संपत नाही. त्याचा अंमल चोवीस तास आणि किडनी मंद असेल तर त्याहून जास्त राहतो. सकाळी नऊला सावरलेली साखर दुपारी तीनला किंवा पहाटे पुन्हा घसरू शकते. म्हणून त्या दिवशी तासाभराने एकदा, मग दर दोन-तीन तासांनी आणि झोपताना तपासा. रात्री १०० च्या खाली असेल तर कपभर दूध आणि अर्धी पोळी देऊन झोपवा, आणि पहाटे तीनला एकदा मशीन लावा. सकाळी बनियन घामाने भिजलेलं, डोकं जड, रात्री भलतीसलती स्वप्नं, ही रात्री साखर उतरल्याची खूण असू शकते.

बेशुद्ध पडले, फिट आली किंवा गिळता येईना, तर तोंडात काहीही घालू नका. ना ग्लुकोज, ना पाणी. ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात न्या. तिथे शिरेतून ग्लुकोज देतात आणि माणूस काही मिनिटांत डोळे उघडतो. मग ‘आता बरं आहे, घरी जाऊ’ असं सगळ्यांनाच वाटतं. या गोळीवर असलेल्या ज्येष्ठाला निदान एक दिवस देखरेखीखाली ठेवायला डॉक्टर सांगतात ते उगाच नाही. जाताना गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या पिशवीत टाका आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली ते सांगा.

आता पाण्याकडे वळू, कारण काकूंचा सल्ला उलटा लागू पडतोय. पाणी प्यायल्याने कमी असलेली साखर आणखी उतरत नाही. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की लघवीवाटे बाहेर पडू लागते. तेव्हा भरपूर पाणी प्यायलेल्याचा थोडा उपयोग होतो. ७०-८० ला त्याचा संबंधच येत नाही. तसंच पाण्याने उतरलेली साखर चढतही नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा : साखर उतरली तर ग्लुकोज, शरीर सुकलं तर पाणी.

पण पाणी कमी केल्याने बाबांचं दोन बाजूंनी नुकसान होतंय. ठाण्याच्या दमट हवेत घाम येतो आणि वाळत नाही. अंग थंड व्हायला आणखी घाम येतो. वर बीपीच्या गोळीतलं औषध लघवी वाढवतं. या वयात तहानही उशिरा लागते. शरीर सुकलं की किडनीकडे जाणारं रक्त कमी होतं, आणि ग्लिमेपिराइड शरीरातून बाहेर पडायला वेळ लागतो. म्हणजे कमी पाणी प्यायल्याने साखर उतरण्याचा धोका वाढतो. दुसरं, पाणी कमी पडल्यावर येणारी चक्कर आणि साखर उतरल्यावर येणारी चक्कर यांत घरच्यांचा घोळ होतो. फरक असा : साखर उतरते तेव्हा थंड, चिकट घाम, थरथर, छातीत धडधड, भूक आणि चिडचिड असते, बसलं तरी कमी होत नाही. पाणी कमी पडतं तेव्हा तोंड कोरडं, लघवी गडद पिवळी, आणि उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी. आडवं झालं की बरं वाटतं. घरात बीपीचं मशीन असेल तर पाच मिनिटं आडवं झाल्यावर एकदा, आणि उभं राहिल्यावर पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला बीपी घ्या. वरचा आकडा २० किंवा जास्त घसरत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, बीपीची गोळीही तपासावी लागेल. बीपीच्या काही गोळ्या, ज्यांच्या नावाचा शेवट ‘ओलोल’ असा होतो, त्या थरथर आणि धडधड झाकून टाकतात. मग घाम एवढीच खूण उरते.

हृदय किंवा किडनीसाठी डॉक्टरांनी पाणी मोजून दिलेलं नसेल, तर उठल्यावर एक पेला (२०० ते २५० मिली), फिरून आल्यावर एक पेला, आणि दिवसभरात ताक-वरणाच्या पाण्यासकट दोन ते अडीच लिटर. रात्री उठावं लागू नये म्हणून त्यातलं बरंचसं संध्याकाळी सहाच्या आत.

ओआरएस तुम्ही चांगल्या हेतूने दिलंत, पण त्याचा हिशेब बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एका लिटर ओआरएसमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. एका पेल्यात जेमतेम तीन ग्रॅम. ते जुलाब-उलटीत गेलेलं पाणी आणि क्षार भरण्यासाठी आहे. साखर चढवायला अख्खा लिटर प्यावा लागेल. शहाळ्याचंही तसंच. एका शहाळ्याच्या पाण्यात सहा ते नऊ ग्रॅमच्या आसपास साखर, म्हणजे उन्हातून आल्यावर उत्तम, लो झाल्यावर अपुरं. किडनी कमजोर असेल तर त्यातल्या पोटॅशियममुळे विचारूनच प्या. ताक आणि सोलकढी यांत साखर नगण्य. उसाच्या रसात एका पेल्याला पंचवीस ग्रॅमच्या पुढे, पण ते बहुतेक सगळं सुक्रोज, म्हणजे बाबांच्या गोळीपुढे पुन्हा तीच रखडपट्टी. एरवीच्या दिवशी मात्र आकडा फुकटचा वर.

फिरण्याआधी काय खायचं, तर निघण्यापूर्वी मशीन लावा. ७० च्या खाली असेल तर ग्लुकोज, आणि त्या दिवशी फिरणं रद्द. ७० ते १०० असेल तर १५ ग्रॅम पिष्ट (कार्बोहायड्रेट) पोटात जाऊ द्या : एक वेलची केळं आणि चार बदाम, किंवा अर्धा कप दूध आणि दोन मारी बिस्किटं. १०० च्या वर असेल आणि फिरणं अर्ध्या तासाचंच असेल तर काही न खाताही चालतं, पण ग्लिमेपिराइड आधी घेतलेलं असेल तर आम्ही केळं खाऊनच पाठवू. पायजम्याच्या खिशात १५-१५ ग्रॅम ग्लुकोजच्या दोन पुड्या, २०० मिलीची पाण्याची बाटली आणि नाव, घरचा फोन, गोळ्यांची नावं लिहिलेली चिठ्ठी. पावसाळ्यात कागदी पुडीत ग्लुकोजचा दगड होतो; फिल्मरोलच्या डबीएवढी घट्ट झाकणाची डबी बरी. मशीनच्या स्ट्रिपचं झाकणही तसंच लगेच बंद करा, दमट हवेने स्ट्रिप बिघडते आणि आकडे भलतेच येतात.

नाश्त्यात फार उलथापालथ नको. नुसत्या पोह्यांऐवजी पोह्यांत मूठभर मटार किंवा शेंगदाणे आणि सोबत वाटीभर दही. नाहीतर मुगाचं धिरडं, थालीपीठ, अंडं-पोळी. पिष्टाबरोबर प्रथिनं असली की साखर सावकाश चढते आणि टिकते. दुपारचं जेवण नाश्त्यानंतर चार तासांत, आणि साडेचार-पाचला काहीतरी हवं : भाजलेले चणे आणि एखादं फळ पुरे. या वयात भूक मंदावते आणि रात्री ‘आज नुसतं सूप’ असं होतं. नुसत्या सुपात पिष्ट फारसं नसतं आणि गोळीने तर आपलं काम केलेलं असतं. रात्री निदान एक पोळी किंवा अर्धी भाकरी हवीच. मित्रांबरोबर कधी मामलेदारची मिसळ झाली तर हरकत नाही, पण तो नाश्ता धरायचा. आणि तिखटाने आलेला घाम साखरेचा घाम झाकतो, म्हणून घरी आल्यावर मशीन लावायचं.

संकष्टीचं बोलू. चंद्रोदय बहुधा रात्री नऊच्या आसपास असतो, म्हणजे सकाळची गोळी आणि रात्रीचं जेवण यांत पंधरा तास. ग्लिमेपिराइड घेऊन कडक उपास अजिबात नको. त्या दिवसाची गोळी काय करायची ते डॉक्टरांकडून एकदाच लिहून घ्या, म्हणजे दर महिन्याला घरात वाद होणार नाही. उपास फराळाचा ठेवा आणि दर तीन-चार तासांनी काहीतरी पोटात जाऊ द्या. साबुदाण्याची भरलेली बशी टाळा. ६० ग्रॅम साबुदाण्यात पन्नासेक ग्रॅम पिष्ट आणि प्रथिनं जवळजवळ शून्य, त्यामुळे साखर उसळते आणि मग कोसळते. त्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी किंवा थालीपीठ आणि दही, वरीचा भात आणि दाण्याची आमटी, मध्ये दूध किंवा फळ. पाणी चालू ठेवा, निर्जळी नको. आणि साखर ७० च्या खाली गेली की उपास तिथेच सुटला, हे बाबांशी आधीच बोलून ठेवा. घाम फुटलेला असताना हा युक्तिवाद जमत नाही.

उलटी-जुलाब झाले तर खेळ बदलतो. अन्न आत राहत नाही, पाणी कमी होतं आणि गोळीचा अंमल मात्र चालूच. त्या दिवशी पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन, घोट घोट ओआरएस, आणि दर तीन-चार तासांनी साखर. बाहेरच्या डॉक्टरने अँटिबायोटिक लिहून दिलं तर मधुमेहाची गोळी कोणती चालू आहे ते सांगा. लिव्होफ्लॉक्सासिनसारखी काही औषधं साखर आणखी पाडतात.

डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची वही न्या : तारीख, वेळ, आकडा, आधी काय खाल्लं, गोळी कधी. सोबत क्रिएटिनिन आणि ईजीएफआर या किडनीच्या तपासण्यांचा ताजा रिपोर्ट असू द्या. किडनीचा आकडा घसरला असेल तर, इतकी वर्षं चाललेली तीच गोळी आता का जास्त होते, याचं उत्तर तिथेच मिळेल.

राहिलं तुमचं. मधुमेह नसलेल्या, कुठलंही औषध न घेणाऱ्या माणसाची साखर खरोखर धोक्याखाली जाणं दुर्मीळ आहे. थरथर होईल तेव्हा घरचं मशीन सोबत ठेवून त्याच क्षणी तपासा. आकडा ५५ च्या खाली, तेव्हाच लक्षणं, आणि खाल्ल्यावर लक्षणं गेली, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच डॉक्टर पुढच्या तपासण्या करतात. ८०-९० असताना थरथरत असेल तर उपाशीपोटीचे दोन-तीन चहा, अपुरी झोप, धावतपळत पकडलेली ट्रान्स-हार्बरची गाडी किंवा थायरॉइड, रक्त कमी असणं, यांकडे बघावं लागेल. सकाळी सातला घरून चहा-बिस्किटांवर निघत असाल तर आठवडाभर बाबांसाठी केलेला तोच नाश्ता खाऊन निघा, ऑफिसात पोचल्यावर पेलाभर पाणी प्या आणि पहिली कॉफी खाल्ल्यानंतरच घ्या. तरीही थरथर राहिली तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइडसाठी टीएसएच करून घ्या. मात्र आकडा एकदा जरी ५५ च्या खाली आला तर थांबू नका, फिजिशियनला दाखवा. आणि कधी चुकून बाबांची गोळी तुमच्या पोटात गेली नाही ना, हेही बघा. घरात सगळ्यांच्या गोळ्या एकाच डब्यात असतील तर आजच वेगळ्या करा.